लिनक्स मिंट दुकानात : दिवाळीपासूनचा वापर, आणि फ्लॅटपॅकबद्दल अर्धं बदललेलं मत

फ्लॅटपॅक म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअर घालायचा डेटा खाणारा प्रकार, गरज असल्याशिवाय त्याला हात लावू नये, असं मी दिवाळीपासून भेटेल त्याला सांगत होते. वळवाच्या पावसात दुकानातला करंट ऐन अपडेट चालू असताना गेला आणि तेव्हापासून माझं मत अर्धं बदललंय. अर्धंच. डेटाचं गाऱ्हाणं अजून तसंच आहे.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे बॅनर, लग्नपत्रिकेचा मजकूर हे मराठीत. पंचायतीची आणि तहसीलची पत्रं कन्नडमध्ये. दोन मशीन आहेत, दोन्ही चौथ्या पिढीची आय-थ्री, आठ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे माझी दोन्ही मशीन बाद. दिवसभर न थकता चालणारं मशीन भंगारात घालणं मला पटत नाही, म्हणून एकावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ घातलं, ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मिंट किती हलकं आहे, मेनू कसा दिसतो, यावर भरपूर लिहिलं गेलंय. सॉफ्टवेअर कुठल्या वाटेनं घालायचं यावर मात्र लोक एका ओळीत निकाल देऊन मोकळे होतात, आणि मला सगळ्यात जास्त डोकेदुखी तिथेच झाली.

माझ्याकडे फायबर नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचा दोन जीबी डेटा, त्यातच गिऱ्हाइकांचे ऑनलाइन अर्ज. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच अ‍ॅप दोन रूपांत मिळतं : सिस्टिम पॅकेज, म्हणजे एपीटीमधून, मिंट-उबुंटूच्या स्वतःच्या साठ्यातून येणारं, आणि फ्लॅटपॅक. दिराचा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, “काकी, फ्लॅटपॅकच घाला, सगळं ताजं मिळतंय.” मी विचारलं, “डेटा किती जातोय ते आधी सांग.” त्यानं कधी मोजलेलंच नव्हतं, कारण त्याच्या हॉस्टेलला वायफाय आहे.

मी मोजलं. स्वच्छ मशीनवर पहिलं फ्लॅटपॅक घातलं की अ‍ॅपबरोबर त्याचा रनटाइमही उतरतो, म्हणजे ते अ‍ॅप ज्या सामायिक लायब्ररींवर चालतं तो सगळा पाया. तेच अ‍ॅप एपीटीतून घेतलं तर या लायब्ररींपैकी बऱ्याचशा मिंटमध्ये आधीच असतात आणि डाउनलोड फार कमी भरतं. फ्लॅटपॅकमधून मात्र पहिल्याच अ‍ॅपला गोष्ट एक जीबीच्या घरात गेली. दुसरं अ‍ॅप त्याच रनटाइमवरचं असेल तर स्वस्तात येतं, हे खरं. पण तिसरं अ‍ॅप निघालं वेगळ्या आवृत्तीच्या रनटाइमवरचं, आणि पुन्हा काही शे एमबी गेले. हे एकदाच भरून संपत नाही. फ्रीडेस्कटॉप नावाचा रनटाइम दरवर्षी ऑगस्टमध्ये नवा येतो आणि साधारण दोन वर्षं चालतो. ग्नोम नावाचा तर दर सहा महिन्यांनी येतो आणि वर्षभरात जुना ठरतो. अ‍ॅप बनवणाऱ्यानं नवा रनटाइम धरला की आपण आपल्या डेटावर तो पुन्हा उतरवायचा. जुना आपोआप जाईलच असंही नाही. वापरात नसलेले रनटाइम काढायची कमांड मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलीय : फ्लॅटपॅक, अनइन्स्टॉल, मग दोन रेघा आणि अनयूज्ड. १२० जीबीच्या डिस्कवर तिची गरज पडतेच.

मी या एका गोष्टीवर फारच अडून बसते असं दिराच्या मुलाचं म्हणणं आहे. असेल. पण दुपारी डेटा संपला तर गिऱ्हाइकाचा अर्ज राहतो, आणि शेवटच्या तारखेला अर्ज राहिला तर तो माणूस तालुक्याच्या गावी परत भाडं खर्चून येतो. शंभर एमबी इथे चैनीची गोष्ट नाही.

दुसरा त्रास पेनड्राइव्हचा. दुकानात निम्मी माणसं पेनड्राइव्ह घेऊन येतात. पीडीएफची पानं मागेपुढे करायला मी एक छोटं अ‍ॅप फ्लॅटपॅकमधून घेतलं होतं. पेनड्राइव्हवरची फाइल ओढून त्यात टाकली की उघडेना. अ‍ॅपच्या आतल्या ‘ओपन’मधून निवडली की उघडे. कारण फ्लॅटपॅक अ‍ॅप बंदिस्त असतं, परवानगी दिलेल्या फोल्डरपलीकडे त्याला दिसत नाही. ‘ओपन’च्या खिडकीतून आपण स्वतः फाइल निवडतो, तेव्हा त्या एका फाइलपुरती वाट मिळते. फ्लॅटसील नावाच्या अ‍ॅपमधून ही परवानगी वाढवता येते. सुरक्षेच्या दृष्टीनं हे बंधन चांगलंच आहे, कोणाकोणाचे पेनड्राइव्ह येतात देवाला ठाऊक. पण समोर पाच माणसं उभी असताना ते सोसत नाही. त्याच कामाचं पीडीएफ अरेंजर एपीटीतून घेतलं आणि प्रश्न मिटला.

इथपर्यंत हा अनुभव मी लिहिला असता तर निकाल साधा होता : सगळं एपीटीतून घ्या.

मग वळीव आला. आमच्याकडे ढग गडगडले की करंट जाणार हे गृहीत धरायचं असतं, आणि दुकानातल्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती. अपडेट मॅनेजरमध्ये नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला होता, तो बसत असतानाच अंधार झाला. करंट परत आल्यावर मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी, रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीच्या वर्गाची प्रश्नपत्रिका द्यायची होती.

मशीन वाचलं, आणि लिनक्सबद्दलचा माझा आदर त्या रात्री वाढला. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारा, मेनू आणला, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचा कर्नल होता, तो निवडला आणि मिंट नेहमीसारखं उघडलं. नंतर टर्मिनलमध्ये, एपीटीच्या मागे पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीला कमांड दिली : सुडो, डीपीकेजी, दोन रेघा लावून कॉन्फिगर, मग एक रेघ आणि ए. अर्धवट राहिलेली पॅकेजं एकामागून एक पूर्ण झाली. त्यानंतर एपीटीला तुटलेलं दुरुस्त करायला सांगितलं. पॅकेजं आधीच उतरलेली असल्यामुळे डेटा जवळजवळ गेलाच नाही. प्रश्नपत्रिका वेळेत गेली.

त्याच आठवड्यात करंट पुन्हा गेला, या वेळी जिंप या चित्रं आणि बॅनर करायच्या सॉफ्टवेअरचं फ्लॅटपॅक अपडेट होत असताना. मी श्वास धरून मशीन सुरू केलं. काहीच झालं नव्हतं. जिंप आधीच्या आवृत्तीत जसंच्या तसं उघडलं, अपडेट पुन्हा लावलं, संपलं. तेव्हा मी नीट वाचून काढलं की हे असं का. डीपीकेजी चालत्या सिस्टिमच्या फायलींवरच नव्या फायली मांडत जातं, एक पॅकेज, मग दुसरं, आणि शेवटी त्यांची जुळणी करतं. मध्येच करंट गेला तर काही नवं, काही जुनं, काही अर्धवट. फ्लॅटपॅक नवी आवृत्ती बाजूला पूर्ण तयार करतं आणि सगळं हातात आल्यावरच जुन्यावरून नव्यावर जातं. अधलीमधली अवस्था उरतच नाही. शिवाय ते सिस्टिमच्या मुळाशी हात घालत नाही, म्हणून बिघडलं तरी ते एकच अ‍ॅप बिघडेल, मशीन सुरूच न होण्याची वेळ येणार नाही. ज्या भागात वीज भरवशाची नाही तिथे हा गुण फार मोठा आहे, आणि फ्लॅटपॅकची शिफारस करणाऱ्यांपैकी कुणीही मला तो सांगितला नव्हता. सगळे ताज्या आवृत्तीचंच कौतुक करत होते.

ताज्या आवृत्तीचाही एका ठिकाणी मला खरा उपयोग झाला, तो जिंपमध्येच. मिंट २२ च्या एपीटीत जिंपची २.१० मालिका आहे. जिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं आणि त्यात अक्षरांना बाहेरून रेघ थेट टेक्स्ट टूलमधूनच देता येते. बॅनर करणाऱ्याला विचारा याची किंमत. शिवजयंतीच्या बॅनरवर भगव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं आणि त्यांना गडद कडा, हे आता एका टिकमध्ये होतं. मजकूर बदलला तरी कडा राहते. एवढ्यासाठी मी एक जीबी आनंदानं दिला.

टाइपिंगचं सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. सुरुवातीला मी आयबस हा भाषा बदलून टाइप करायचा प्रोग्राम लावून मराठी टाइप करत होते. लिब्रेऑफिसमध्ये ठीक चाले, पण फ्लॅटपॅकमधल्या एका अ‍ॅपमध्ये मराठी उमटेचना. उपाय मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्येच होता. तिथे लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कळरचना, जोडा आणि आयबस सोडून द्या. हा लेआउट सिस्टिमच्या पातळीवर चालतो, त्यामुळे अ‍ॅप एपीटीतलं असो की फ्लॅटपॅकमधलं, अक्षर उमटतं. त्याच यादीत कन्नडही जोडलं. इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, कन्नडचाही त्याच कळीवर. भाषा बदलली तरी बोटांना नवं शिकावं लागत नाही. आणि यादीत आणखी खाली पाहिलं तर ‘मराठी, कगप फोनेटिक’ नावाचा लेआउट! कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी. त्यांच्या पद्धतीचा मराठी कीबोर्ड प्रत्येक मिंटमध्ये निमूट पडून आहे. नुडीवर हात बसलेली माझ्याकडची मुलगी आता त्याच सवयीनं मराठी टाइप करते. मला याचा इतका आनंद झाला की बाजूच्या डीटीपीवाल्या अण्णांना बोलावून दाखवलं.

बाकीच्या वाटा भराभर. अ‍ॅपइमेज ही एकच फाइल, चालवायची परवानगी द्यायची की झालं. एकदाच लागणाऱ्या कामाला उत्तम, पण बहुतेकदा अपडेट आपलं आपण बघायचं, आणि जुन्या पद्धतीच्या अ‍ॅपइमेजला फ्यूज २ ची लायब्ररी वेगळी घालावी लागते. स्नॅप ही उबुंटूची वाट, ती मिंटनं २०२० पासून बंदच ठेवलीय. उबुंटूनं क्रोमियम ब्राउझरचं एपीटी पॅकेज पोकळ करून त्यातून स्नॅप आणायला सुरुवात केली, तेव्हाचा तो निर्णय. मला तो मान्य आहे, कारण स्नॅप मुळात दिवसातून चार वेळा अपडेट तपासतं आणि आपणहून उतरवतं. ते थांबवता येतं, पण थांबवायला आधी ते माहीत असावं लागतं. फायरफॉक्स मिंटमध्ये साध्या पॅकेजच्या रूपात येतं, हे मला मोलाचं वाटतं. कंपनीच्या साइटवरची डेब, म्हणजे सुट्या पॅकेजची फाइल, मी फक्त प्रिंटरसाठी घेतली. क्रोमची डेब आपली रिपॉझिटरी, म्हणजे अपडेटचा साठा, स्वतः जोडून घेते म्हणून पुढे अपडेट मिळत राहतात. सगळ्याच डेब तसं करत नाहीत, घालण्यापूर्वी बघा.

सध्याची मांडणी अशी. ब्राउझर, लिब्रेऑफिस, प्रिंटर, स्कॅनर, पीडीएफ, फॉन्ट हे सगळं एपीटीतून. जिंप आणि चित्र काढायचं इंकस्केप फ्लॅटपॅकमधून, कारण दोन्हींच्या नव्या आवृत्त्या कामाला येतात. नवं फ्लॅटपॅक घेण्यापूर्वी ते कुठल्या रनटाइमवर आहे ते फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या साइटवर बघते; माझ्याकडे असलेल्यावर नसेल तर एपीटीतलंच घेते. अपडेट रात्री बाराच्या आत, त्या दिवशी उरलेल्या डेटावर. कर्नलचं अपडेट मात्र आभाळ निरभ्र असताना. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिम मागे नेता यावी म्हणून घेतलेल्या नकला, जुन्या हार्डडिस्कवर. यूपीएसला नवी बॅटरी घातली, हजाराच्या आसपास गेले, आणि हा खर्च लिनक्सच्या खात्यात धरायला हवा असं माझं मत आहे.

दुसरं मशीन विंडोजवरच ठेवलंय, नेट काढून. नुडी आणि श्रीलिपीमधल्या जुन्या फायलींचा मोठा गठ्ठा आहे आणि त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत; मिंटवर उघडल्या की नुसती खुणांची रांग दिसते. पंचायतीकडून अजूनही तशा फायली येतात. त्या बंद होईपर्यंत ते मशीन निघणार नाही.