चार एलईडीचा पारदर्शक फॅन: उजेडाची वायर वेगळी करा, मग बघा

जळगावचे गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, पीसीच्या कॅबिनेटसाठी लाइटवाला फॅन मागितला की काउंटरवर बहुतेक तीन जातींचे डबे येतात. पहिला पारदर्शक पात्यांचा साधा तीन पिनचा फॅन, चौकटीच्या चार कोपऱ्यांत एकाच रंगाचे चार एलईडी खोचलेला. दुसरा रिमोट आणि हबसकट (सगळे फॅन जिथे जोडतात ती छोटी पेटी) येणारा सहा पिनच्या फॅनचा सेट. तिसरा पाच व्होल्टचा एआरजीबी, म्हणजे प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलणारा, ज्याच्या लाइटची वायर थेट मदरबोर्डला लागते. दिसायला पहिला सगळ्यांत गरीब. किंमतही तीनशे रुपयांच्या आसपास. पण कॅबिनेट स्वतःच्या हाताने सजवायचे असेल तर पैसे त्याच्यावरच घालावेत. कारण सरळ आहे: त्याचा प्रत्येक भाग उघड्यावर आहे, आणि बिघडला तर एकेक भाग बदलता येतो.

डब्यातून काढून तसाच लावला तर मात्र हा फॅन निराश करतो. त्यात मोटर आणि एलईडी एकाच १२ व्होल्टच्या वायरवर असतात. तीन पिनच्या फॅनचा वेग मदरबोर्ड व्होल्टेज कमी-जास्त करून सांभाळतो. म्हणजे रात्री पीसी शांत असताना बोर्डाने फॅनला ७ व्होल्ट दिले की एलईडीलाही ७च मिळतात. निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीला प्रत्येकी साधारण ३.२ व्होल्ट लागतात. बऱ्याच फॅनमध्ये दोन एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात, म्हणजे ६.४ व्होल्ट तिथेच गेले. उरलेल्या ०.६ व्होल्टमध्ये ३९० ओहमच्या रेझिस्टरमधून जेमतेम दीड-दोन मिलिअँपिअर वाहतात आणि उजेड मिणमिणतो. गेम सुरू झाली, बोर्डाने १२ व्होल्ट सोडले, की तोच प्रवाह चौदावर जातो आणि कॅबिनेट भगभगते. लोक याला फॅन खराब म्हणतात. फॅन खराब नसतो, त्याची जोडणीच तशी असते.

उपाय अर्ध्या तासाचा आहे: लाइटची वायर मोटरपासून तोडायची आणि तिला एसएमपीएसमधून (पीसीला वीज देणारा डबा) स्वतंत्र १२ व्होल्ट द्यायचे. यासाठी पाती काढायची गरज नाही. एलईडीच्या बारीक तारा चौकटीच्या खाचेतून येतात आणि एका आडव्या दांडीवरून मधल्या गोलात, स्टिकरखालच्या छोट्या सर्किटला मिळतात. मधल्या गोलापासून एक सेंटिमीटर अंतर ठेवून त्या कापा. मोटरच्या बाजूला जी टोके उरतात त्यांच्यात फॅन चालू असताना १२ व्होल्टपर्यंत वीज असतेच, म्हणून दोन्ही टोकांवर वेगवेगळी हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आक्रसून बसणारी नळी) चढवा. दोन्ही टोके मिळून एकच टेप गुंडाळणे ही इथली नेहमीची घाई. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो, तारा एकमेकींना टेकतात आणि बोर्डाचा फॅन हेडर (फॅन जोडायच्या पिना) कायमचा जाऊ शकतो.

कापलेल्या एलईडीची बाजू ओळखताना मल्टिमीटरच्या डायोड मोडवर विसंबू नका. अनेक स्वस्त मीटर त्या मोडमध्ये तीन व्होल्टही देत नाहीत. लाल एलईडी मंद पेटतो, निळा पेटतच नाही आणि चांगला एलईडी मेला असे वाटते. मदरबोर्डवर असतो तो सीआर२०३२ सेल वापरा. त्याचा अंतर्गत विरोध इतका असतो की क्षणभर लावल्याने एलईडी जळत नाही. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या कडेची सपाट बाजू म्हणजे ऋण टोक.

रंग बदलायचा तर जुने एलईडी उपटून ३ मिलिमीटरचेच नवे घाला. पाच मिलिमीटरच्या मोहात पडू नका. भोक मोठे करताना पारदर्शक प्लास्टिक तडकते, आणि पात्याचे टोक व चौकट यांत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचीच फट असते. एलईडीचे डोके आत डोकावले की पाते घासते. सोल्डर करताना एलईडी भोकातून बाहेर काढा, कारण पायातून जाणारी उष्णता चौकट वितळवते. पंचवीस वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरते आणि टोक तीन सेकंदांच्या वर टेकवू नये. तार म्हणून जुन्या हार्डडिस्कच्या ४० तारांच्या आयडीई केबलची एक-एक तार सोलून घ्या. ती बारीक, लवचिक आणि या कामाला अगदी योग्य जाडीची असते.

रेझिस्टरचा हिशोब करूनच दुकानात जा. दोन निळे किंवा पांढरे एकापाठोपाठ: १२ वजा ६.४, म्हणजे ५.६ व्होल्ट; १५ मिलिअँपिअरसाठी ३७३ ओहम, बाजारात मिळणारा जवळचा ३९०. दोन लाल: १२ वजा ४, म्हणजे ५६० ओहम. एकच निळा असेल तर ६८०. पाव वॉटचे पुरतात. अशा दोन जोड्या, प्रत्येक जोडीला स्वतःचा रेझिस्टर. चारही एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर लावला तर ज्याला कमी व्होल्टेज लागते तो जास्त प्रवाह ओढतो, तो आधी जातो, मग बाकीच्यांवर भार येतो.

माझी शिफारस याहून मंद उजेडाची आहे. ३९०च्या जागी सरळ १ किलोओहम लावा. प्रवाह साडेपाच मिलिअँपिअरवर येतो आणि आजच्या एलईडीला तेवढा भरपूर होतो. काचेच्या कॅबिनेटशेजारी रात्री बसून काम करणाऱ्याच्या डोळ्याला पूर्ण प्रकाशातला निळा रंग फार बोचतो. त्यात एलईडीचे डोके चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुधी केले की ठिपके न दिसता पात्यांवर सलग उजेड पसरतो. या फॅनमध्ये पैशाला पैसा आणि श्रमाला श्रम म्हणून सर्वांत मोठा फरक पाडणारी गोष्ट हीच, आणि नेमकी तीच फार कोणी करत नाही.

पुरवठ्यासाठी मोलेक्सची (एसएमपीएसची चार पिनची जोडणी) पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड, म्हणजे परतीच्या. पिवळी आणि काळी घ्या. पिवळी-लाल जोडून सात व्होल्ट काढण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते, ती टाळा: त्यात परतीचा प्रवाह पाच व्होल्टच्या लाइनमध्ये घुसतो. सॅटा (हार्डडिस्कची चपटी) जोडणी काढायची तर पूर्ण ओतीव प्लास्टिकचे स्वस्त कन्व्हर्टर नकोत. आतल्या तारा सरकून शॉर्ट होणारे हेच. मॉड्युलर, म्हणजे सुट्या निघणाऱ्या केबलचा, एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल कधीच लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्टीवर एक छोटा रॉकर स्विच बसवला की झोपताना लाइट बंद आणि डाउनलोड चालू ठेवता येते.

रंग बदलता यावेत असे वाटत असेल तर सर्वांत सोपी वाट साइनबोर्डवाल्यांकडून जाते. त्यांच्याकडे १२ व्होल्टची आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पट्टी असते, गणपती-दिवाळीच्या आधी तर हमखास. मीटरला ६० एलईडीच्या पट्टीला दर ५ सेंटिमीटरला कापायची खूण असते. चौकटीच्या चार कोपऱ्यांत एकेक तुकडा, म्हणजे बारा एलईडी. मीटरला १४.४ वॉट धरले तर एका फॅनला तीन वॉटच्या आत, पाव अँपिअरही नाही. तीन फॅनच्या पट्ट्या बोर्डाच्या चार पिनच्या १२ व्होल्ट आरजीबी हेडरवर (फॅनच्या हेडरवर नव्हे) आरामात चालतात. पट्टीवरच्या चार खुणा (१२ व्होल्ट, हिरवा, लाल, निळा) कंपनीगणिक मागेपुढे होतात, म्हणून अक्षर वाचूनच जोडा.

प्रत्येक एलईडी वेगळा रंग दाखवणारी, पाच व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी हवी तर ती खान्देशात दुकानात क्वचितच मिळते, ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावी लागते. मीटरला ६०ची घ्या आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन-तीन बसवा. पट्टी सलग गुंडाळू नका. गोल भिंत चौकटीच्या बाजूंना मध्यावर जवळजवळ टेकलेली असते, तिथे पट्टीची जाडी बाहेर येते आणि शेजारचा फॅन बसत नाही. तुकडे जोडताना बाणाची दिशा सगळीकडे एकच ठेवा. उलटा लागलेला तुकडा आणि त्याच्या पुढचे सगळे अंधारात राहतात. पूर्ण पांढऱ्या रंगात एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. बारांचे ०.७२, तीन फॅनचे २.१६ अँपिअर. बऱ्याच बोर्डांची पाच व्होल्टच्या हेडरची मर्यादा तीन अँपिअर असते, तरी आपल्या बोर्डाचे पुस्तक उघडून आकडा पाहा. आणि ही पट्टी चुकूनही १२ व्होल्टच्या चार पिनला लावू नका. एका क्षणात सगळे एलईडी जातात. एमएसआयच्या बोर्डावर जेरेनबो लिहिलेले पाच व्होल्टचे आणि जेआरजीबी लिहिलेले बारा व्होल्टचे. गिगाबाइटच्या काही जुन्या बोर्डांवर पाच की बारा हे जंपरने (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ठरते, तो आधी तपासा.

आता चिकटवण्याचा मुद्दा, जो पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत कोणी बोलत नाही. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास खेळतो. एसी नसलेली खोली दुपारी चाळिशीला असते आणि कॅबिनेटमधली हवा त्याहून वर, कारण कोणताही फॅन आतली हवा खोलीपेक्षा गार करू शकत नाही. त्या उष्णतेत ग्लू गनचा गोंद मऊ पडतो आणि पट्टी हळूहळू पात्यांकडे सरकते. फेव्हिक्विक धरते, पण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बुरशीसारखी झाक येते, ती निघत नाही. दोन ट्यूबांचे इपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटसारखे, थेंब-थेंब लावून रात्रभर ठेवा. पुसायला थिनर किंवा पेट्रोल नको, प्लास्टिक तडकते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा. पाती रंगवू नका. रंगाचा थर एका पात्यावर जरासा जाड झाला तरी फॅन थरथरतो.

उष्णतेचा खरा मार बेअरिंगवर बसतो आणि या स्वस्त फॅनचे सर्वांत मोठे वैगुण्य तिथेच आहे. आत साधे स्लीव्ह बेअरिंग असते. तेल सुकले की सकाळी सुरू करताना घरघर ऐकू येते. मागचे स्टिकर सोलून रबरी बूच काढा, शिलाई मशिनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा, बूच बसवा, कडेचे तेल नीट पुसून स्टिकर चिकटवा. तेलकट जागी ते टिकत नाही. पाती बाहेर काढायचीच असतील तर बुचाखाली चिरलेला नायलॉनचा वॉशर दिसतो, तो सुईने उचलताना वर कापड धरा, उडाला की सापडत नाही. हा फॅन कॅबिनेटच्या छताला आडवा लावू नये, स्लीव्ह बेअरिंग तसे लवकर झिजते. पुढे किंवा मागे उभाच लावा. घेताना दुकानदाराला एसएमपीएसवर चालवून दाखवायला सांगा आणि फॅन कानाजवळ धरा. हलकी सळसळ चालेल, टिकटिक नको.

सहा पिनचा सेट मी या कामासाठी नाकारतो. हबपासून फॅनपर्यंतच्या सहा तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा, त्यामुळे एक फॅन गेला की दुसऱ्या सेटचा लागत नाही. बऱ्याच सेटमध्ये वेगाची माहिती देणारी तार मदरबोर्डपर्यंत पोहोचतच नाही. फॅन अडकला तरी बोर्डाला कळत नाही. एलईडी मधल्या गोलात किंवा बंद कड्यात असतात. ते काढायचे तर कडे फोडावे लागते.

ज्याला ग्राफिक्स कार्ड खरेच राबवायचे आहे, त्याने हवा आणि उजेड वेगळ्या वस्तूंकडून घ्यावा. आर्क्टिकचा पी१२ पीडब्ल्यूएम बिनलाइटचा आहे: १८०० आरपीएम, ५६.३ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), पाण्याच्या २.२ मिलिमीटर उंचीइतका दाब आणि फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग. जाळी आणि धूळ-फिल्टरमागून हवा ओढायची तर दाबाचा आकडा महत्त्वाचा. त्याच्या चौकटीवर बाहेरून आधी सांगितलेली १२ व्होल्टची पट्टी लावता येते. मात्र पाती अपारदर्शक असल्याने उजेड कडेपुरताच राहतो, पूर्ण चक्र उजळत नाही.

फिल्टर तर हवाच. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की कापसाचे तंतू हवेत तरंगतात आणि फिल्टरवर फेल्टसारखा थर बसतो. पारदर्शक, उजळलेल्या पात्यांवर तर प्रत्येक कण दिसतो. त्या दिवसांत आठवड्याला फिल्टर झटका. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरतात, बेअरिंगला मार बसतो आणि मोटर उलट वीज तयार करून बोर्डाकडे ढकलते. पाण्याच्या कूलरच्या सरळ झोतातही पीसी ठेवू नका. झोताबरोबर उडणारे क्षारयुक्त पाण्याचे थेंब उघड्या सोल्डरवर हिरवट गंज आणतात, म्हणून प्रत्येक जोडावर स्लीव्ह हवीच.