स्कोअर ९७, आणि साइट तशीच रखडलेली

माझ्या वर्डप्रेस साइटची पानं मोबाइलवर उघडायला वेळ लागतो म्हणून वेग वाढवणारं एक प्लगइन (साइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम) पैसे भरून घेतलं. 'नव्वदच्या वर स्कोअर, नाहीतर पैसे परत' अशी जाहिरात. चालू केल्याबरोबर पेजस्पीड इनसाइट्सचा, म्हणजे गूगलच्या वेग तपासणाऱ्या चाचणीचा, शंभरपैकी मोबाइल स्कोअर चाळिशीतून थेट ९७ वर गेला. फोनवर मात्र फोटो तसेच उशिरा येत होते आणि मेनूवर बोट ठेवलं की पान गोठायचं.

पानाचा सोर्स उघडून पाहिला, तर अगदी वरच प्लगइनने एक छोटी स्क्रिप्ट घुसवलेली. ब्राउझरच्या ओळखीत 'लाइटहाउस' (या चाचणीमागच्या गूगलच्या साधनाचं नाव) शब्द आहे का, आणि प्लॅटफॉर्म 'लिनक्स एक्स८६_६४', म्हणजे सर्व्हरवर असतो तसा, आहे का, एवढंच ती बघायची. गूगलची ही चाचणी हातातल्या फोनवर होत नाही. सर्व्हरवरचा क्रोम फोनचं सोंग घेऊन पान उघडतो. खऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक एआरएम नावाच्या वेगळ्या प्रकारचा प्रोसेसर असतो, त्यामुळे सोंग ओळखायला तेवढी खूण पुरते. चाचणी चालू आहे असं दिसलं की स्लायडर, चॅटची खिडकी, जाहिराती, सगळ्या स्क्रिप्ट गायब. माणूस आला की सगळं ओझं जसंच्या तसं, वर या प्लगइनचं स्वतःचं.

जावास्क्रिप्ट, म्हणजे अशा स्क्रिप्ट, लांबणीवर टाकणं ही काही लबाडी नव्हे, चांगली प्लगइनंही ते करतात. पण ती सगळ्यांना एकच पान देतात.

खरं चित्र त्याच अहवालात, स्कोअरच्या वर असतं. तिथे क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांचा मागच्या २८ दिवसांतला अनुभव दिसतो. किमान ७५ टक्के भेटींत एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत आणि आयएनपी (बोट लावल्यावर पानाने प्रतिसाद द्यायला घेतलेला वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत हवा. माझा एलसीपी चार सेकंदांच्या खाली आलाच नाही. यात एक मेख आहे: आकडे २८ दिवसांचे, म्हणून बदल सावकाश दिसतो, आणि पैसे परत मागायची मुदत त्याआधीच संपते. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा! कमी वर्दळीच्या साइटला हे आकडे मिळतच नाहीत. अशा वेळी वायफाय बंद करून, साध्या फोनवर, खासगी टॅबमध्ये पान उघडून बघावं.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, "आम्ही स्कोअरची हमी दिली होती, वेगाची नाही." अटी पुन्हा वाचल्या, खरंच तसं लिहिलेलं होतं.

प्लगइन डिलीट केलं तरी स्क्रिप्ट पानात येतच राहिली. वर्डप्रेसच्या 'एमयू-प्लगइन्स' (mu-plugins, कायम चालू राहणाऱ्या प्लगइनांचा) फोल्डरमध्ये त्याने आपली एक फाइल ठेवली होती. तिथल्या फाइली डॅशबोर्डवरून बंद होत नाहीत, एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली थेट हाताळायची सोय) जाऊन हाताने पुसाव्या लागतात. तुम्ही असलं काही काढलं असेल, तर तो फोल्डर आजच उघडून बघा.