किंगडा का : एका हंगामाच्या वापरानंतर, आणि ती पाडली गेल्यानंतर

न्यू जर्सीतील जॅक्सन येथे असलेल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानातील ‘किंगडा का’ ही रोलर कोस्टर १० नोव्हेंबर २०२४ रोजी शेवटची धावली, आणि ती कायमची बंद झाल्याचे १४ नोव्हेंबरला जाहीर झाले. त्या वर्षीचा जवळजवळ संपूर्ण हंगाम मी आणि माझ्या मुलीने पास काढून या राइडवर घालवला होता. म्हणजे आता कोणालाच वापरता येणार नाही अशा वस्तूचे हे परीक्षण आहे. तरीही ते लिहावेसे वाटते, कारण न्यू जर्सीतीलच एडिसन आणि आसपासच्या गावांतील मराठी घरांत भारतातून आलेल्या पाहुण्यांना दाखवायच्या ठिकाणांमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याइतकाच या हिरव्या मनोऱ्याचा मान असे. आणि तिच्याविषयी बोलताना बहुतेक जण फक्त उंची सांगून थांबतात. एक हंगाम वापरल्यानंतर माझे मत असे झाले की तिचे वैशिष्ट्य उंचीत नव्हतेच. ते जमिनीवरच्या पहिल्या साडेतीन सेकंदांत होते.

आधी आवश्यक तेवढे आकडे. २१ मे २००५ रोजी सुरू झालेल्या या राइडचा मनोरा ४५६ फूट, म्हणजे सुमारे १३९ मीटर उंच होता. कुतुबमिनारच्या जवळजवळ दुप्पट. बंद होईपर्यंत ती जगातील सर्वांत उंच रोलर कोस्टर होती. सर्वाधिक वेगाचा विक्रमही सुरुवातीला तिच्याचकडे होता, तो नोव्हेंबर २०१० मध्ये अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधील ‘फॉर्म्युला रोसा’ने घेतला. स्वित्झर्लंडच्या इंटामिन कंपनीने ती बांधली होती. एका गाडीत अठरा जण बसत, उंचीची किमान अट ५४ इंचांची होती, आणि सुटल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा सगळा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपत असे.

अर्ध्या मिनिटासाठी एवढी रांग कशाला लावायची, हा प्रश्न आमच्या घरातही पहिल्या भेटीत निघाला होता. त्याचे उत्तर देण्यासाठी बसल्यानंतर काय घडत असे ते क्रमाने सांगावे लागेल. खांद्यावरून येणारी सुरक्षा-अटक बंद करून कर्मचारी दोनदा ओढून पाहत, गाडी फलाटावरून निघून सरळ लांब रुळावर येऊन थांबे, आणि समोर त्या रुळाच्या टोकाशी मनोरा एकदम उभा ठाकलेला दिसे. मग गाडी किंचित मागे सरके. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे काही तरी बिघडल्यासारखे वाटते. वास्तविक त्या क्षणी गाडी खाली दोराला जोडलेल्या ओढगाडीवर अडकत असे. हात खाली ठेवा, डोके मागे टेकवा आणि घट्ट धरा, अशा आशयाची सूचना ऐकू येई, पुढच्या रुळावरचे ब्रेकचे पाते फुसकारा टाकत खाली जात, आणि त्यानंतर एक शांतता पसरे. तिला ठरलेली लांबी नव्हती. उलटी गणती नाही, दिवे नाहीत, घंटा नाही. मुलीने एकदा मनातल्या मनात आकडे मोजून सुटण्याचा क्षण ओळखण्याचा प्रयत्न केला आणि पुढच्या खेपेला तो नाद सोडून दिला.

त्यानंतर साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर. साधा भागाकार केला तर या काळात शरीरावर सरासरी गुरुत्वाच्या सुमारे पावणेदोन पट जोर येतो, पण गणिताने त्याची कल्पना येत नाही. विमान धावपट्टीवर वेग घेते तेव्हा पाठ आसनाला टेकते. इथे गाल मागे ओढले जात, डोळ्यांतून पाणी आडवे वाही आणि किंचाळायला घेतलेला श्वास छातीतच राही. पुढच्या रांगेत वारा इतका की उन्हाळ्यात तोंडावर किडे आदळत. म्हणूनच पुढच्या रांगेचे जे कौतुक सर्वत्र होते ते मला अर्धेच पटले. समोरचे दृश्य तिथेच मोकळे दिसे हे खरे, परंतु मागच्या डब्यात माथ्यावरून खाली खेचले जाण्याचा जो भाग होता तो पुढे बसणाऱ्याला तितका मिळत नसे.

माथा हा मात्र या सगळ्यात अनपेक्षितपणे सौम्य भाग होता. सरळ उभे चढल्यावर वेग इतका कमी होई की वर पोचताना गाडी जेमतेम कमान ओलांडे, आणि तेवढ्या अवधीत पायांखाली दक्षिण जर्सीच्या पाइनच्या सपाट जंगलाचा हिरवा पट्टा दिसे. लगेच पलीकडे २७० अंशांचा पीळ घेत सुमारे १२७ मीटरची उतरण, मग ३९ मीटरची एक टेकडी, तिच्यावर आसनातून उचलले गेल्याची भावना, आणि चुंबकीय ब्रेक.

गाडी माथा ओलांडेलच असे नसे, हे या राइडचे सर्वांत मोहक रहस्य होते, आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली असल्यामुळे मला त्याचा हिशोब करावासा वाटला. ताशी २०६ किलोमीटर वेगाची कोणतीही वस्तू घर्षण आणि हवेचा रोध नसता सुमारे १६७ मीटर वर जाईल. मनोरा १३९ मीटरचा. म्हणजे चाकांचे घर्षण, हवेचा अडथळा आणि माथ्यावर उरायला हवा असलेला थोडासा वेग या सगळ्यांसाठी मिळून शिल्लक होती फक्त २८ मीटर उंचीएवढी ऊर्जा. थंडीत आखडलेली चाके, समोरून येणारा वारा किंवा अठरा प्रवाशांचे वजन यांनी ही शिल्लक सहज खाल्ली जाई. तसे झाले की गाडी माथ्याजवळ पोचून थबके आणि आल्या वाटेने मागे घसरत येई. याला शौकीन मंडळी रोलबॅक म्हणतात आणि तो मिळावा म्हणून अक्षरशः नवस बोलतात. हा अपघात नव्हे. गाडी सुटून गेली की रुळावरचे ब्रेक पुन्हा वर येत आणि परत आलेल्या गाडीला अलगद थांबवत. आम्हाला तो कधी मिळाला नाही. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत, हवा गार झाल्यावर, मुलीचा सगळा डोळा त्यावर होता.

उन्हाळ्यात माझे वडील पुण्याहून आले होते. एस.टी.च्या कार्यशाळेत उभा जन्म घालवलेला हा माणूस राइडवर बसणार नव्हता हे उघडच होते. पण खालच्या बाकावर बसून त्यांनी जे पाहिले ते रांगेत उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. गाड्या सुटताना त्यांनी बराच वेळ निरखले आणि मग विचारले, “अगं, इंजिन तर कुठे दिसत नाही. हिला ओढतंय कोण?” मी सांगितले ते असे. रुळाच्या टोकाशी असलेल्या इमारतीत पंप द्रव दाबून त्याच्या जोराने बंद टाक्यांतील नायट्रोजन वायू आवळतात. वेळ आली की तो वायू एकदम मोकळा होऊन द्रवाला ढकलतो, द्रव हायड्रॉलिक मोटारी फिरवतो, मोटारी एक मोठे पिंप फिरवतात आणि त्या पिंपावर गुंडाळला जाणारा पोलादी दोर ओढगाडीसकट राइडला खेचून सोडून देतो. बाबा म्हणाले, “म्हणजे विहिरीवरचा रहाटच की. फक्त घागरीच्या जागी माणसं.” आणि जरा थांबून, “हा दोर रोज बघावा लागत असणार.”

दोन वाक्यांत त्यांनी या राइडचा सगळा इतिहास सांगितला होता. सुरू झाल्यावर तीनच आठवड्यांत, जून २००५ मध्ये, ज्या खोबणीतून दोर धावतो तिथला एक बोल्ट निकामी होऊन यंत्रणेचे आणि दोराचे नुकसान झाले आणि राइड ऑगस्टपर्यंत बंद राहिली. मे २००९ मध्ये तिच्यावर वीज पडली, तेव्हाही महिने गेले. पावसात आणि जोराच्या वाऱ्यात ती चालवता येत नसे, जे इतक्या उंच मनोऱ्याच्या बाबतीत स्वाभाविकच आहे. त्यामुळे ही राइड वापरण्याचा एकमेव शहाणपणाचा मार्ग हंगामी पास हाच होता, असे माझे ठाम मत आहे. एका दिवसाचे तिकीट काढून आलेल्या माणसाचा आनंद हवामानाच्या हाती असे. आम्ही मात्र तासाभराच्या अंतरावर राहत असल्यामुळे आकाश पाहून, कामावरून आल्यावर, संध्याकाळी निघू शकत होतो. ती चालू असली तर बसायचे आणि नसली तर त्याच उद्यानातील ‘नायट्रो’ या कोस्टरवर जायचे, इतके ते सोपे होते.

नायट्रोचे नाव निघालेच आहे तर तुलना करणे भाग आहे. निव्वळ राइड म्हणून पाहिले तर किंगडा का ही त्या उद्यानातील पहिल्या क्रमांकाची राइड नव्हती. नायट्रो २३० फुटांची आहे, पण एकामागून एक टेकड्यांवर ती ज्या संथ लयीत उचलते तिला तोड नाही. तिथलीच ‘एल टोरो’ ही कोस्टर लाकडी असूनही तिच्यात आसनातून वर फेकले जाण्याचे जे क्षण आहेत ते किंगडा काच्या एकुलत्या एका टेकडीत मावणारे नव्हते. शिवाय उतरणीच्या तळाशी आणि पुढच्या वळणावर किंगडा काचा कंप चांगलाच जाणवे. खांद्यावरच्या अटकेमुळे मान आखडून धरली तर तो कानापर्यंत पोचे. डोके आसनाला टेकवून अंग सैल सोडणे, हाच त्यावरचा उपाय होता. पन्नाशीच्या पुढच्या किंवा मानेचा त्रास असलेल्या कोणाला मी ती सुचवली नसती.

असे असूनही आम्ही उद्यानात शिरल्याबरोबर पावले तिकडेच का वळत, हे मला हंगामाच्या मध्यावर कळले. बाकीच्या राइडमध्ये प्रवासी एका कथेतून जातो, तिथे चढ असतो, वळण असते, आवडता भाग असतो. किंगडा कामध्ये एकच कल्पना होती आणि ती कोणतीही तडजोड न करता शेवटपर्यंत नेलेली होती. त्यामुळे सवयीने तिची धार बोथट झाली नाही. उंचीची भीती दोन-तीन खेपांत गेली. सुटण्याआधीच्या त्या शांततेची कधीच गेली नाही.

तिच्या बंद होण्याचे कारण म्हणून उद्यानाने नव्या आकर्षणांसाठीची गुंतवणूक पुढे केली, आणि तिच्याबरोबर ‘ग्रीन लँटर्न’ ही उभ्याने प्रवास करण्याची कोस्टर व आणखी दोन जुन्या राइडही काढल्या गेल्या. किंगडा काच्या मनोऱ्याच्या आधारावरच २०१४ मध्ये बसवलेला ‘झुमांजारो’ हा पडणारा पाळणाही त्यातच गेला. माझा स्वतःचा तर्क असा की तो दोर आणि ते पंप सांभाळणे दिवसेंदिवस अधिक खर्चाचे होत गेले असावे. हा तर्क करायला एक सबळ आधार आहे. तिची थोरली बहीण म्हणावी अशी, त्याच कंपनीने २००३ मध्ये ओहायोतील सीडर पॉइंटला बांधलेली ४२० फुटांची ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ २०२१ नंतर बंद पडली. २०२४ मध्ये ती परत आली तेव्हा मनोरा तोच होता, पण दोर, पंप आणि नायट्रोजन ही सगळी यंत्रणा जाऊन तिच्या जागी चुंबकीय मोटारी आल्या होत्या. ओहायोने मनोरा ठेवून यंत्र बदलले, न्यू जर्सीने दोन्ही काढले. चुंबकीय मोटारी अधिक भरवशाच्या आहेत याबद्दल वाद नाही. पण त्या गाडीला आधी थोडा वेग देतात, मग मागे सोडतात, मग पुन्हा वेग देतात. एका झटक्यातला तो घाव त्यात राहत नाही.

आधी सूचना देऊन शेवटचा दिवस साजरा का केला नाही, याबद्दल शौकिनांमध्ये बरीच हळहळ व्यक्त झाली. मला उलट बरे वाटले. निरोपाचा दिवस जाहीर झाला असता तर त्या दिवशी चार-पाच तासांची रांग लागली असती, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असता, आणि ज्या राइडचे सारे सामर्थ्य पुढच्या क्षणी काय होईल हे ठाऊक नसण्यात होते तिची शेवटची आठवण ठरवून घेतलेली झाली असती. ऑक्टोबरमधील एका थंड संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर, आम्ही दोघी सहज बसलो आणि घरी आलो. ती शेवटची खेप होती हे आम्हाला नोव्हेंबरात समजले. मुलीला वाईट वाटले ते रोलबॅक राहून गेल्याचे.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी नियंत्रित स्फोटाने मनोरा पाडण्यात आला. बाबांना पुण्याला त्याची चित्रफीत पाठवली, तेव्हा त्यांचा उलट प्रश्न आला की पिंपाची इमारत कुठल्या बाजूला होती आणि तिचे काय केले.

आता ज्यांना हा अनुभव घ्यायचा राहून गेला त्यांच्यासाठी. दोराने खेचणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेच्या राइड हळूहळू कमी होत चालल्या आहेत, तेव्हा उशीर करू नये. न्यू जर्सीतून सर्वांत सोयीची म्हणजे पेनसिल्व्हेनियातील हर्शीपार्कची ‘स्टॉर्म रनर’. तिचा माथा दीडशे फुटांचाच आहे, पण दोन सेकंदांत ताशी सुमारे ११५ किलोमीटर वेग घेताना पाठीला बसणारा तो एकसंध रेटा किंगडा काची ओळख पटवून देतो, आणि माथ्यानंतर तिच्यात उलटे फिरण्याचे भागही आहेत, जे आमच्याकडे नव्हते. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना फॉर्म्युला रोसा हाताशीच आहे. तिथे उंची ५२ मीटर असली तरी वेग ताशी २४० किलोमीटर आहे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच बसवतात. दोन्हीकडे शक्य असल्यास मागच्या डब्यात बसावे, डोके टेकवून ठेवावे, आणि आकडे मोजू नयेत.