सांडपाण्याच्या ‘फिल्टर’मध्ये गेलेले ३८ हजार

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस आम्ही लातूरकरांनी काढलेत. न्हाणीतलं, धुण्याचं पाणी गटारात जाताना बघून आजही जीव तुटतो. हीच दुखरी नस धरून एक माणूस गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर दारात आला. “ताई, हे सगळं पाणी झाडांना देता येईल. घरपट्टीतही सूट मिळेल.”

अंगणातच त्याने बादलीभर साबणाचं पाणी घेतलं, चमचाभर पांढरी पूड टाकून ढवळलं. पंधरा मिनिटांत गाळ खाली बसला, वर नितळ पाणी. पूड म्हणजे ‘जिवाणूंचं कल्चर’, असं तो म्हणाला. ती तुरटी होती. जिवाणूंना घाण खायला दिवस लागतात; पंधरा मिनिटांत पाणी निवळलं तर ते काम जिवाणूंचं नव्हे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

३८,००० ठरले. २५,००० आधी रोख, उरलेले काम झालं त्याच संध्याकाळी. पावती “नंतर देतो”. दोनशे लिटरचा निळा ड्रम बसला, शेजारी साठवणीची टाकी. स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइपही त्याने ड्रमलाच जोडला.

पंधरवड्यात पाणी काळपट झालं, सडक्या अंड्यासारखा वास सुटला. टाकीचं झाकण उघडलं तर अळ्या वळवळत होत्या. सासूबाईंनी लावलेल्या लिंबाची पानं कडेने करपली. फोनवर आधी “उद्या येतो”, मग फोनच बंद. घरपट्टीचं विचारायला गेले तर अशी सवलत आमच्याकडे नव्हतीच.

शेवटी पाण्याच्या कामातल्या भाच्याने ड्रम उपसला. वर चार बोटं कोळसा, खाली वीतभर वाळू, तीही खरकट्याच्या तेलाने चिकट झालेली. त्याखाली विटांचे तुकडे. सिंकचं पाणी घ्यायचंच असेल तर आधी तेल अडवणारी कुंडी लागते, आणि धुण्याच्या पावडरीतलं सोडियम असल्या गाळणीत अडतच नाही, म्हणून धुण्याचं पाणी लिंबाकडे सोडायचंच नव्हतं, असं भाचा म्हणाला. मग फरशीवर खडूने हिशोब मांडला. आम्हा पाच जणांचं आंघोळ-धुण्याचं पाणी रोज साधारण ३०० लिटर. ते खरंच साफ करायचं तर खडी भरून कर्दळ लावलेल्या वाफ्यात दोन दिवस तरी थांबायला हवं, म्हणजे ६०० लिटर. खडीत पोकळी ४० टक्के धरली तर वाफा १,५०० लिटरचा: दोन फूट खोल, अडीच चौरस मीटर. त्याच पोकळीच्या हिशोबाने आमच्या ड्रममध्ये पाणी जेमतेम सहा तास थांबत होतं. “पाणी किती वेळ थांबणार?” एवढं विचारलं असतं तरी तो माणूस अडकला असता.

परवा मागच्या गल्लीत टेम्पोतून तसाच निळा ड्रम उतरताना दिसला. मी तशीच चपला घालून त्या घरी गेले. त्यांनी १०,००० देऊन झाले होते, बाकीचे थांबवले.