किचन एक्झॉस्टचं ईएसपी युनिट: मशीन चोख, एएमसी अपुरी

निवासी इमारतीच्या तळमजल्यावर हॉटेल असलं की वरच्या मजल्यांवरून धुराची तक्रार येते आणि मालकाच्या हातात ईएसपीचं (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे धुरातले तेलाचे कण विजेने पकडणारं यंत्र) कोटेशन पडतं. हा रिव्ह्यू हूड (शेगडीवरचं धूर गोळा करणारं छत) आणि ब्लोअर (धूर ओढणारा पंखा) यांच्या मध्ये डक्टला बसणाऱ्या डबल पास (एकामागे एक दोन टप्प्यांच्या), ४००० सीएफएमच्या (मिनिटाला ४००० घनफूट हवेच्या) युनिटचा आहे. भिंतीला लागून ८ बाय ४ फुटांचा हूड असेल तर ३२ चौरस फूट गुणिले मिनिटाला १०० फूट वेग, म्हणजे ३२०० सीएफएम लागतात. तवा, फ्रायर आणि एखादी चायनीज शेगडी असलेल्या किचनला हा आकार पुरतो.

मशीनबद्दल तक्रारीला जागा नाही. धूर आधी आयोनायझरच्या टंगस्टन तारांमधून जातो. तिथे १२ किलोव्होल्टच्या आसपास दाब असतो, त्याने तेलाच्या कणांवर विद्युतभार चढतो आणि पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या ते ओढून घेतात. तारा-पट्ट्यांच्या या चौकटीला सेल म्हणतात. सेल स्वच्छ असेपर्यंत डक्टच्या तोंडाशी निळसर धूर दिसत नाही. वास मात्र जात नाही, कारण तो वायूच्या रूपात असतो. मिरचीच्या फोडणीचा ठसका किंवा सुक्या बोंबलाचा वास अडवायचा तर ईएसपीनंतर कार्बन फिल्टर लावावा लागतो. तो ईएसपीच्या आधी लावला तर तेलाने लगेच बुजतो. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत. कोळशाच्या तंदूरचा डक्ट तर या युनिटला जोडूच नका. काजळी वीजवाहक असल्यामुळे सेल शॉर्ट होतो आणि ठिणगीची भीती असते ती वेगळीच.

खरा प्रश्न धुण्याचा. एएमसी (वार्षिक देखभाल करार) बहुधा तीन महिन्यांतून एका भेटीची असते. दिवसभर तळण चालणाऱ्या किचनमध्ये सेल पंधरा दिवसांत मेणचटतो, बाकीच्यांचा महिन्याभरात. म्हणजे दोन भेटींच्या मधला बराच काळ मशीन नुसतं वीज खातं. धुणं आपल्याच माणसांना शिकवावं आणि सेलचा एक जादा संच घेऊन ठेवावा, म्हणजे एक वाळत असताना दुसरा चालतो.

आधी आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप घालायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि अर्थिंगच्या दांडीने उरलेला भार उतरवायचा. मग सेल ५०-६० अंशांच्या पाण्यात, अ‍ॅल्युमिनियमला चालणाऱ्या डिटर्जंटमध्ये अर्धा तास बुडवायचा. कढया घासायचा कॉस्टिक सोडा इथे अजिबात नको. त्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, हायड्रोजन सुटतो, पट्ट्या खडबडीत होतात आणि मग त्याच जागी आर्किंग (ठिणग्या उडणं) सुरू होतं. प्रेशर जेटने पट्ट्या वाकतात, त्यामुळे पाइपचं साधं पाणी बरं. सेल उभा करून रात्रभर वाळवायचा, घाईने ओला बसवला की टकटक आवाज येतो आणि पॅनल ट्रिप होतं. बसवताना हवेच्या दिशेचा बाण बघायचा. चिनीमातीच्या इन्सुलेटरवर केसासारखी काळी रेघ दिसली तर तो बदलायचाच. ती कार्बनची वाट पुसून जात नाही. आयोनायझरची तुटकी तार आधी काढून टाकायची, लोंबकळत राहिली तर ती अख्खा सेल बंद पाडते.

धूर ओढला जात नाही म्हणून ईएसपीला नावं ठेवतात, पण दोष बऱ्याचदा ब्लोअरमध्ये निघतो. वायरमनने मोटर काढून पुन्हा जोडताना दोन फेज उलटसुलट केल्या तर पंखा उलटा फिरतो. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा थोडी ओढतोच, म्हणून चूक लक्षात येत नाही. केसिंगवरचा बाण बघा. बेल्टचा ताण दर १०० मिलिमीटर अंतराला सुमारे १.६ मिलिमीटर लवेल इतपत हवा. पात्यांवर तेल साचलं की तोल जातो आणि बेअरिंग बोलू लागतं. हूडच्या कडेला अगरबत्ती धरा. तिचा धूर आत न जाता बाहेर वळत असेल आणि किचनचं दार उघडताना जड लागत असेल, तर ताज्या हवेचा पुरवठा कमी आहे. जेवढी हवा बाहेर जाते तिच्या सुमारे ८० टक्के आत यायला हवी.

ईएसपीच्या आधीचे, हूडमध्ये तेल अडवणारे बॅफल फिल्टर रोज रात्री उतरवून धुवायचे. बसवताना खाचा उभ्या आणि कल ४५ अंशांचा असला तरच तेल ट्रेमध्ये उतरतं. आडवे बसवलेले फिल्टर भांडीवाल्याच्या नजरेला ठीक दिसतात आणि तेल खाली तव्यावर ठिबकतं. स्टील ३०४ (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस) आहे असं सांगून २०२ (हलकी प्रत) गळ्यात मारतात. चुंबक लावून काही कळत नाही, दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही. स्टीलची प्रत ओळखायच्या टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकून बघा. कोकणातल्या खारट हवेत २०२ लवकर गंजतं.

डक्टमधला तेलाचा थर मोजायला खाचांची कंगव्यासारखी पट्टी मिळते. अमेरिकेच्या एनएफपीए ९६ या किचन एक्झॉस्टच्या अग्निसुरक्षा मानकानुसार डक्टमध्ये २ आणि पंख्यावर ३ मिलिमीटरचा थर झाला की साफसफाई करायलाच हवी. चायनीज शेगडी जोरात चालत असेल तर तपासणी तीन महिन्यांनी, कोळसा-लाकडासाठी दर महिन्याला. पण आत हातच पोहोचत नसेल तर मोजणार काय? कोटेशनमध्ये प्रत्येक वळणावर साफसफाईचं झाकण, सेलचा जादा संच आणि दार उघडताच हाय व्होल्टेज तोडणारा स्विच लेखी नसेल तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.