तिनाच्या जाळीनंतर आधी काय शिकायचं?

शेजारचा पोरगा महिनाभर कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर फोटो काढत होता. परवा मोबाइल पुढं करून म्हणाला, "काका, सगळे बरोबर आलेत, पण सगळे सारखेच दिसतात. आता काय शिकू?" बघितले. फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करणारी मोबाइलची जाळी लावून काढलेले. तळ्यातला दगडी संध्यामठ उजव्या उभ्या रेषेवर, भेळेची गाडी उजव्या उभ्या रेषेवर, फिरायला आलेले आजोबाही तिथंच. क्षितिज प्रत्येक फोटोत खालच्या आडव्या रेषेवर. चूक एकही नव्हती, आणि तीच अडचण होती.

या जाळीमागचा तृतीयांशाचा नियम कॅमेऱ्याहून जुना. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं निसर्गचित्रांबद्दल लिहिताना तो मांडला. त्याचं म्हणणं वाटणीचं होतं : आभाळ आणि जमीन, उजेड आणि सावली निम्मीनिम्मी करू नका, एक भाग आणि दोन भाग करा. चार छेदबिंदूंवर वस्तू नेऊन ठेवायची सवय आपल्याला मोबाइलच्या जाळीनं लावली. वस्तू कुठं ठेवायची हे ती जाळी दाखवते. उरलेल्या फ्रेमचं काय करायचं, यावर ती गप्प असते, आणि पुढच्या सगळ्या पद्धती त्या उरलेल्या फ्रेमसाठीच आहेत.

त्यातली एक आधीच बाजूला काढतो : सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे फ्रेम साधारण ३८ आणि ६२ अशी वाटणं. यूट्यूबवर फोटोवर तिची वळत जाणारी रेषा, म्हणजे शंख, फिरवून दाखवतात, पण हिशेब करून बघा. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत तृतीयांशाची रेषा १३३३ वर येते, सुवर्ण गुणोत्तराची १५२८ वर. फरक रुंदीच्या पाच टक्क्यांहून कमी, म्हणजे अर्धं पाऊल सरकलात की गेला. शंख बहुतेक वेळा फोटो काढून झाल्यावरच बसवलेला असतो. यावर महिना घालवू नका.

खरी निवड मधोमध मांडणी, रेषा, चौकटीतली चौकट, रिकामी जागा आणि थर या पाचांत आहे.

मधोमध मांडणी, म्हणजे सिमेट्री, सगळ्यात सोपी समजली जाते. मला ती सगळ्यात कडक मास्तर वाटते. न्यू पॅलेससमोर उभे राहा आणि घड्याळाचा मनोरा बरोबर मध्ये घ्या. दोन पावलं डावीकडं सरकलात तरी फोटो लंगडतो. उंची मावत नाही म्हणून मोबाइल मागं कलवलात तर उभ्या भिंती वर एकमेकींकडं झुकतात. उपाय एकच : मागं जा, मोबाइल सरळ उभा धरा, खालची जास्तीची जमीन नंतर कापा. तृतीयांशात अशी चूक खपून जाते, इथं लगेच दिसते. म्हणून नवशिक्यानं हीच आधी घ्यावी. उभं राहण्याची जागा ठरवून घ्यायची शिस्त हिच्याइतकी दुसरी कुठली लावत नाही.

रंकाळ्यावर तर तिला पर्यायच नाही. पहाटे वारा सुटायच्या आत पाणी आरसा होतं, संध्यामठ वर एक आणि खाली एक दिसतो. अशा वेळी क्षितिज खालच्या आडव्या रेषेवर ठेवणं म्हणजे अर्धं प्रतिबिंब कापून टाकणं. क्षितिज मध्ये घ्या, बिनधास्त. मात्र जलपर्णी पसरली असेल किंवा वारा आला असेल, तर ही मांडणी त्या दिवसापुरती विसरा. याच तळ्याची निसर्गचित्रं रंगवत चित्रकार आबालाल रहिमान यांनी आयुष्यातली वर्षं घालवली. मोबाइल काढण्याआधी ती चित्रं एकदा बघून या, पाण्याला किती जागा द्यायची ते तिथं कळतं.

नजर आत नेणाऱ्या रेषांचं म्हणाल तर त्यांचं कौतुक जरा जास्तच होतं. पंचगंगा घाटावर पायऱ्यांसमोर उभं राहून फोटो काढला तर पायऱ्या फ्रेमभर आडव्या पट्ट्या होतात, नजर तिथंच अडखळते. त्याच घाटाच्या टोकाला जा, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर आणा. आता त्याच पायऱ्या तिरक्या पळत दीपमाळेपाशी पोचतात. पण शेवटी कोणी असायला हवं. धुणं धुणारी बाई, बुडी मारायला उभा पोरगा, काहीही. कुठंच न पोचणाऱ्या रस्त्याचे फोटो आपण सगळ्यांनी काढलेत, माझ्याकडंही डिस्कभर आहेत.

चौकटीतली चौकट दिसायला देखणी, पण लवकर कंटाळा आणणारी. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप घ्या. खांबांच्या कड्यावर छताला मोठं गोल तोंड उघडं आहे, तिथून आभाळ दिसतं. खाली मध्यावर उभं राहून सरळ वर मोबाइल धरला की चौकट तयारच मिळते. म्हणूनच सगळ्यांचा फोटो तोच येतो. शिवाय मोबाइलचा एचडीआर (उजेड आणि सावली दोन्ही दाखवायला बघणारी सोय) इथं घात करतो. सावली उजळून दगड राखाडी करतो, आणि चौकट काळी राहिली नाही की तिचा दाब जातो. आभाळावर बोट दाबून उजेड खाली ओढा. चौकट हवी तर ती अर्धवट घ्या, दाराची एकच बाजू आणि वरचा कोपरा. बघणाऱ्याला आत डोकावल्यासारखं वाटलं पाहिजे.

रिकाम्या जागेबद्दल मी बोललो तर माझंच दुखणं निघेल. एका लग्नात नवरीला पांढऱ्या भिंतीशी उभी केली, फ्रेमचा पाऊण भाग मोकळा सोडला. अजून तो माझा आवडता फोटो आहे. नवरदेवाचे वडील म्हणाले, "भिंतीचा फोटो काढायला बोलावलं नव्हतं तुम्हाला." अल्बम आला तेव्हा त्या मोकळ्या जागेत गुलाबाची फुलं आणि वधूवरांची नावं छापलेली. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या धुक्यात एकटं झाड घेतलंत तर कोणी तक्रार करणार नाही. पण फोटो मोबाइलच्या छोट्या चौकोनात बघितला जाणार असेल तर ते झाड माशीएवढं होतं. मोठ्या प्रिंटसाठी घ्या, नाहीतर सोडा.

आता थर, म्हणजे पुढं, मध्ये आणि मागं वेगवेगळं काही घेणं. माझं मन इथं आहे, आणि नवशिक्यानं शेवटी यावं तेही इथंच.

तालमीत गेलात तर (वस्तादांना विचारून, चपला बाहेर काढून) लाल मातीच्या हौद्यात दोन पैलवान एकमेकांना भिडलेले असतात. सगळे त्यांच्यावर मोबाइल रोखतात. पैलवान क्षणाक्षणाला जागा बदलतात, त्यांच्यामागं धावून काही हाती लागत नाही. उलट करा. आधी मागचा थर ठरवा : खिडकीतून येणारा उजेड, भिंतीवरचा मारुती, जोर मारणारं पोरगं. मग पुढचा थर : काठावर बसलेल्याचा खांदा, कानाची घडी. मधली जागा मोकळी ठेवून थांबा. पैलवान तिथं येतात. तेव्हा एकच बघायचं, की माणसं एकमेकांना चिकटत नाहीत ना. दोन डोक्यांमध्ये बोटभर उजेड हवा. नाहीतर पैलवानाच्या डोक्यातून खांब उगवतो आणि सगळी मेहनत मातीत.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गर्दीमुळं थर लावणं अशक्य वाटतं. तिथं गुलालच मदतीला येतो. जवळचा हात गडद दिसतो, सासनकाठी (यात्रेत नाचवतात ती देवाची उंच काठी) जरा फिकट, शिखर गुलाबी धुरात जवळजवळ विरघळलेलं. अंतर आपोआप रंगात उतरतं. मोबाइलवाल्यांचा इथं फायदा आहे. छोट्या सेन्सरमुळं जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं, फक्त मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. कॅमेरा असेल तर लेन्सचं तोंड बारीक ठेवा, एफ ८ च्या आसपास राहा. मात्र लेन्स बदलायच्या भानगडीत पडू नका, गुलाल आत गेला की महिनोन्महिने निघत नाही.

थरांचा तोटाही सांगतो. सकाळभर थांबून एक फोटो लागला तरी नशीब. ज्याला घरच्यांसोबत अर्धा तास फिरायचंय, त्यानं या नादाला लागू नये. त्यानं रेषा घ्याव्यात, वाटेत मिळतात. इमारती, देवळं, वस्तू, म्हणजे गुऱ्हाळातल्या गुळाच्या ढेपा किंवा दुकानातल्या चपला, असं न हलणारं काही टिपायचं असेल तर मधोमध मांडणी. माणसं टिपायची असतील आणि धीर असेल तरच थर. चौकट आणि रिकामी जागा मी वेगळी शिकवणारच नाही, ती या तिघांतून फिरताना येते.

पोराला सांगितलं, एक महिना फक्त मधोमध. त्यानं लगेच जाळी बंद करायला बोट नेलं. म्हटलं, राहू दे. संध्यामठाचं पाणी उतारावर चाललंय का, हे बघायला ती लागतेच.