डीसीसी बसवायचंय? मग इंजिनाची बॉडी उघडून बघा

कोल्हापूरचं शाहू महाराज टर्मिनस मॉडेल रेल्वेत घरच्या टेबलावर उभं करायचं म्हटलं की मुख्य भानगड एकच: रूळ इथे संपतात. गाडी आली की इंजिन सोडवा, शेजारच्या लाइनीवरून फिरवा, दुसऱ्या टोकाला लावा. तेवढ्यात बाजूला दुसरं इंजिन उभं असतंच. साध्या १२ व्होल्ट डीसीवर हे जमवायला रूळ जागोजागी तोडून प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच द्यावा लागतो. डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल) हुकूम इंजिनाच्या क्रमांकावर जातो, त्यामुळे एकाच रुळावर एक चालतं, दुसरं थांबतं. म्हणून डीसीसी घ्याच. पण कोणत्या इंजिनात?

ज्यांना डोकं लावायचंच नाही, त्यांनी कारखान्यातून डीकोडर (हुकूम वाचून मोटर चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) बसवून आलेलं घ्यावं. क्रमांक ३ वर येतं, तो बदलला की झालं. किंमत जास्त, एवढंच.

खरी निवड ‘डीसीसी रेडी’ आणि जुन्या मालात आहे. ‘रेडी’ म्हणजे आत डीकोडर खोचायचं सॉकेट आहे; डीकोडरला जागा आहेच असं नाही. शंटिंगच्या छोट्या टँक इंजिनात (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणाऱ्या) सॉकेट असूनही वायरी कोंबताना बॉडी बसत नाही, हे नेहमीचं. लांब हुडाच्या डिझेलमध्ये किंवा टेंडरमध्ये (मागच्या पाणी-कोळशाच्या डब्यात) सॉकेट असलेल्या वाफेच्या इंजिनात आरामात काम होतं, स्पीकरलाही बहुधा जागा निघते.

सॉकेटांतही फरक आहे. आठ पिनांचं जुनं आणि सगळीकडे मिळणारं. नारिंगी वायर एक नंबरच्या पिनेला जाते. प्लग उलटा बसला तर सहसा काही जळत नाही. इंजिन उलट दिशेला पळतं आणि दिवे लागत नाहीत. एकवीस पिनांच्या सॉकेटात एक पिन मुद्दाम गाळलेली असते, त्यामुळे डीकोडर उलटा बसतच नाही. वायरींचा गुंताही नाही. दोन्ही समोर असतील तर मी डोळे झाकून एकवीस पिनांचं घेईन.

आता जुना माल. अथर्न कंपनीची ‘ब्लू बॉक्स’ डिझेलं एचओ स्केलमध्ये (१:८७ प्रमाण) दणकट आणि स्वस्त, पण मोटरचा खालचा ब्रश (मोटरला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) थेट चेसिसला टेकलेला. असाच डीकोडर जोडला तर पहिल्याच झटक्यात धूर. मोटर काढायची, खालच्या पट्टीचे बाहेर आलेले काटे कापायचे, खाली कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी चिकटपट्टी) लावायची. मग लाल-काळी वायर रुळांकडून, नारिंगी-करडी मोटरला. सोल्डरचा हात साफ असेल तर दुपारभराचं काम. पण वायरी जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक ब्रशला, दुसरं चाकाला लावा. दोन्ही ब्रश, दोन्ही बाजूंची चाकं. कुठेही बीप वाजली तर डीकोडर जोडू नका.

मोटर किती करंट खाते तेही पाहा. १२ व्होल्ट देऊन चाक क्षणभर बोटाने अडवायचं आणि अँपिअर वाचायचे. एचओचे साधे डीकोडर साधारण एक अँपिअरचे असतात. जुनी उघड्या फ्रेमची मोटर त्याच्या वर गेली, तर मोठा डीकोडर नाहीतर नवी मोटर. मग स्वस्ताई कुठे राहिली?

एन स्केल (१:१६०, रूळ ९ मिमी) फ्लॅटमधल्या माणसाला भुरळ घालतो. जागा वाचते खरी, पण जुन्या एन इंजिनांत चेसिसचे दोन अर्धे भागच वीज वाहतात आणि आत बोट शिरत नाही. डीकोडरसाठी वजनाचा धातू मिलिंगने खरवडावा लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम करून देणारा सापडेल, पण एवढीशी वस्तू मशीनवर पकडणं त्यालाही कटकटीचं वाटतं. एनच हवा असेल, तर नेक्स्ट-१८ या छोट्या सॉकेटचं किंवा मूळ दिव्यांचा बोर्ड काढून त्याच जागी डीकोडर बसेल असं नवं मॉडेल घ्या. जुन्याच्या नादी लागू नका.

पहिलंच इंजिन असेल, तर एचओ, सहा चाकी बोगींचं डिझेल आणि एकवीस पिनांचं सॉकेट. सोल्डरिंगची हौस असेल तर दुसरं म्हणून ब्लू बॉक्स जरूर घ्या, शिकायला त्याच्यासारखं काही नाही. सेकंडहँड घेताना मात्र विक्रेत्याकडे बॉडी काढलेला फोटो मागा, आणि सॉकेटमधली कोरी पट्टी (डीकोडर नसताना रुळाची वीज मोटरला पोचवणारी) जागेवर आहे का ते बघा. ती नसेल तर डीकोडर येईपर्यंत इंजिन साध्या डीसीवरही हलणार नाही, आणि चालवून बघायची सोय राहणार नाही.